बिनक्लचची गाडी

रत्नागिरीहून कोल्हापूर म्हणजे काही परदेश नव्हे. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो, आणि एवढ्याशा प्रवासावर लिहायला बसलो याचं माझं मलाच हसू येतं. पण मी तिकडे देवीला गेलो नव्हतो, गूळ आणायला नव्हतो की कुणाच्या लग्नालाही नव्हतो. मी माझी जुनी मोटरसायकल देऊन दुसऱ्या तऱ्हेची जुनी मोटरसायकल घ्यायला गेलो होतो. परत आल्यापासून शेजारपाजारचे विचारतात आणि प्रत्येकाला मी काहीतरी वेगळं सांगतो. एकदा नीट लिहून टाकलं की विषय संपेल, म्हणून हा खटाटोप.

माझी गाडी जुन्या ठोक्याची आहे. बसकी, जड, साडेतीनशे सीसीची. स्टँडवरून काढताना शेजारच्याला ‘जरा हात लावता का’ असं म्हणावंसं वाटतं, पण म्हणायचं नसतं, अशी. औषधांच्या कंपनीत मी फिरतीची नोकरी केली ती बहुतेक हिच्यावर बसून. राजापूर, लांजा, देवरूख, चिपळूण. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की दवाखान्यातला कंपाउंडर आतून डॉक्टरांना सांगायचा, मनोहरराव आले. नोकरी संपली, गाडी राहिली. मग गेल्या पावसाळ्यानंतर डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या येत होत्या, पुढे त्याही यायच्या बंद झाल्या. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, माझ्या मानेचा फोटो काढला आणि सांगितलं की हे थोडं साखरेचं आहे, थोडं मणक्याचं आहे, आणि गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. जड क्लच दाबणं बंद करा, म्हणाले. गाडी बंद करा असं ते म्हणाले नाहीत, किंवा ते म्हणायच्या आत मी खुर्चीवरून उठलो.

घरी येऊन मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, सांगितलं की दोष गाडीचा आहे. हलकी, ताठ बसायची, नरम क्लचची गाडी घेतली की झालं. ती म्हणाली, “मग सरळ स्कूटर घ्या ना.” मी म्हणालो की स्कूटरवरून मी भाजी आणीन, पण त्याला गाडी चालवणं म्हणणार नाही. ती हसली नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मला गाण्यातलं कळत नाही, बागेत रमत नाही, पत्ते खेळणाऱ्यांचा कंटाळा येतो. सकाळी गाडी काढायची, कुठेतरी टपरीवर चहा प्यायचा आणि दुसऱ्या रस्त्याने घरी यायचं, एवढंच मला येतं. ते गेलं तर दिवस कसा ढकलायचा हे मला माहीत नव्हतं, आणि अजूनही नाही.

आंबा घाट

ऊसतोडीचे दिवस होते. साखरप्याला थांबून चहा घेतला तेव्हा ऊन नुसतं नावाला होतं. टपरीवाल्याने विचारलं, “एवढ्या थंडीत गाडीवर?” मी म्हणालो, काम आहे. काम आहे म्हटलं की कोकणात पुढे कुणी विचारत नाही, हा आमचा मोठा गुण.

घाट चढताना डाव्या हातात लोकरीचा मोजा आणि त्यावर रेनकोटचा हातमोजा असा जामानिमा केला होता. त्याचा उपयोग शून्य. गिअर टाकायच्या आधी मी खाली नजर टाकून बोटं क्लचवर आहेत ना हे बघत होतो, मग दाबत होतो. वळणावर असं खाली बघणं म्हणजे काय हे गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. एका वळणावर मागून एसटी आली, हॉर्नवर हॉर्न. मला गिअर उतरवायला उशीर झाला आणि गाडी आचके देत बंद पडली. ड्रायव्हरने काच सरकवून मान बाहेर काढली, माझे पांढरे केस बघितले, आणि शिवी न देता निघून गेला. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

घाटमाथ्यावर धुकं होतं. लोक तिथे दरीचे फोटो काढत होते, दिसत काही नव्हतं. मी दगडावर बसून हात चोळले. उजवाही गार पडला होता, पण थंडीच तशी होती.

मलकापूर सोडलं की रंग बदलतो. आमच्याकडची लाल माती संपून काळी सुरू होते आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की वळताना सगळं आपल्या अंगावर येतंय असं वाटावं, आणि पुढे एवढ्या मोठ्याने गाणी लावलेली की मागच्याने हॉर्न वाजवून काही फरक पडू नये. तोडून झालेल्या शेतांत पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलेलं होतं. त्याची काळी राख हवेतून येऊन हेल्मेटच्या काचेवर बसत होती. पुसली की फराटा ओढला जायचा. अशा फराट्यातूनच मी कोल्हापूर बघितलं.

उचगाव

कोल्हापूरला लागूनच्या उचगावला यासीन राहतो. गाड्यांच्या सीटा शिवायचं त्याचं दुकान आहे. पूर्वी कंपनीच्या मीटिंगला आलो असताना माझी सीट फाटली होती, ती त्याने मी उभा असतानाच शिवून दिली, आणि पैसे देताना म्हणाला की पुढच्या वेळी घरी जेवायला यायचं असेल तरच घेतो. तेव्हापासूनची दोस्ती. हात बिघडल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा त्यानेच बोलावलं होतं. “हिकडं ये मर्दा. जुन्या गाड्यांचा हितं बाजार भरतोय. तुला जमंल तसली एक तरी घावंल की.”

दुकानापुढे गाडी लावली तर तो सुई-दोरा तोंडात धरून बाहेर आला. “आलास व्हय? बघू हात.” मी डावा हात पुढे केला. त्याने तो उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, “वरनं तर झकास हाय.” मग गाडीकडे बघून म्हणाला, “आन् हिला देऊन टाकणार?”

“बदलीत द्यायची.”

“जीव हुईल?”

 त्याने सीटवरची राख स्वतःच्या बाहीने पुसली.

जेवायला अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, खर्डा आणि वर कच्चा कांदा बुक्कीने फोडलेला. आमच्याकडे पाहुण्याला ‘अजून घेणार का’ असं विचारतात, आणि त्या विचारण्यात ‘नको’ म्हणायला व्यवस्थित जागा ठेवलेली असते. इथे विचारतच नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर हाताशेजारून वाढतात. यासीनची बायको नसीमवहिनी तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकत होत्या आणि मी ती लगेच मोडत होतो. त्या म्हणाल्या, “भावजी, वाईच निवू द्या की. हात भाजंल.” मी म्हणालो, भूक लागलीय. यासीन म्हणाला, “कोकणातली माणसं. माशाच्या काट्याला बिचकत न्हाईत, भाकरीला काय बिचकत्यात.” आम्ही हसलो. त्या हसण्यात मला बरंच बरं वाटलं.

जेवण झाल्यावर यासीनने बेत सांगितला. उद्या इचलकरंजीला एक उंच गाडी बघायची, डोंगरात पळवायची असतात तसली. ताठ बसायला होतं, क्लच म्हणे लोण्यासारखा. ती नाही पटली तर परवा गडहिंग्लज, तिथे बाजाराचा दिवस आहे. “दोन दिवसांत तुझी सोय लावतो आन् मगच सोडतो,” तो म्हणाला. मी गाडीला कापड मारून आलो. पुसता पुसता लक्षात आलं की मी तिच्याशी निरोपाचं वागतोय, आणि मला माझाच राग आला.

इचलकरंजी

सकाळी मिसळ खाल्ली. आम्ही मिसळीबरोबर पाव खातो, इथे ब्रेडच्या स्लाइस देतात आणि पाव मागितला तर रुसल्यासारखं बघतात. रस्सा वरून लाल आणि आतूनही लालच. मी घाम पुसत खाल्ली, यासीनने दुसऱ्यांदा रस्सा मागवला.

इचलकरंजीच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट भिंतींमधून बाहेर येतो. बोलणं जोरातच करावं लागतं, त्यामुळे साधं ‘चहा घेणार का’ हेही भांडण वाटतं. आम्ही ज्याच्याकडे गेलो तो रामसूरत, उत्तरेकडचा माणूस, मागांवर कामाला. कारखानदार जुने माग भंगारात काढत होता आणि रामसूरत गाडी विकून गावी निघाला होता. पाळी संपवून आलेला, भुवयांवर कापसाची पांढरी धूळ. अनेक वर्षं मागांत राहून त्याचे कान गेले होते. हे त्याने स्वतःच सांगितलं, आपलं नाव सांगावं इतक्या सहज. “साहब, जोरात बोला. मला आता फक्त माग ऐकू येतात, बंद असले तरी.”

गाडी छान होती, हे आधी सांगतो. उंच, सडपातळ, लांब पायांची. वर बसल्यावर रस्ता लांबवर दिसत होता आणि माझी मान ताठ राहत होती. क्लच खरंच हलका होता. माझ्या गाडीचा क्लच म्हणजे विहिरीचं पाणी ओढणं, हा म्हणजे दाराची कडी उघडणं. मला वाटलं, झालं काम. मी पहिला गिअर टाकला.

अडचण अशी की हलका क्लच कळायला हात जास्त जिवंत लागतो. जड क्लच निदान मनगटापर्यंत, कोपरापर्यंत जाणवतो. हा बोटांतच सुरू होऊन बोटांतच संपत होता, आणि माझ्या बोटांत कुणी नव्हतं. मी तो हळू सोडतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तो सुटून गेला होता. गाडीने उडी मारली आणि मला घेऊन शेडच्या दारात रचलेल्या सुताच्या बाचक्यांवर, म्हणजे पोत्यांवर, जाऊन पडली.

लागलं काही नाही. सूत मऊ असतं. आतले दोन-तीन कामगार बाहेर आले, त्यांनी मला उठवलं, कपडे झटकले, आणि कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. रामसूरतने गाडीकडे आधी बघायला हवं होतं. तो माझ्याकडे आला आणि कानाशी वाकून, ओरडून म्हणाला, “कुछ नहीं साहब. गाडी उंच हाय, म्हणून.” तो खोटं बोलत होता आणि त्याला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी म्हणालो, “हो, उंचच आहे.”

 परतताना यासीन मागून म्हणाला, “असूं दे. एक हातच हाय न्हवं? एका हातावर चालंल अशी गाडी बघू.”

“अशी गाडी नसते.”

“असतीय की,” तो म्हणाला. “बिनक्लचची.”

गडहिंग्लज

दुसऱ्या दिवशी त्याने वाटेत समजावलं. एक लहान गाडी येते, पायाने गिअर टाकायचे, पण क्लचची दांडीच नाही. डावा हात रिकामा. दिसायला मधलीच, स्कूटर म्हणता येत नाही आणि मोटरसायकल म्हणायला थोडं धाडस लागतं. पूर्वी मी अशा गाडीला हसलो असतो. त्या दिवशी मी नुसतं ऐकत होतो. मी पुढे, यासीन मागे, माझ्याच गाडीवर, कारण बदलीत तीच द्यायची होती. निपाणीपर्यंत हायवे आणि मग आत वळून दोन्ही बाजूंना ऊस. ट्रॅक्टरांच्या मागे लागून लागून आम्ही पोचलो.

गडहिंग्लजच्या बाजारात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येतात. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपा, आणि टोकाला जिथे पूर्वी बैल बांधायचे तिथे जुन्या गाड्या ओळीने उभ्या. त्यांच्या पलीकडे दोन म्हशी होत्या, त्या विकायला होत्या की नुसत्या उभ्या होत्या ते कळलं नाही. गाड्यांचा दलाल इराप्पा. जन्मभर त्याने बैलांचा व्यापार केला. बैल कमी झाले तसा तो त्याच जागेवर, त्याच खांद्यावरच्या टॉवेलासकट, गाड्या विकायला लागला. बोलणं मात्र बैलांचंच राहिलं.

“ही गरीब हाय बगा पावणं,” बिनक्लचच्या गाडीच्या टाकीवर थाप मारून तो म्हणाला. “लाथ मारत न्हाई. देवळातल्या पुजाऱ्याच्या दारात हुती, उन्हात कवा उभी न्हाई.”

“चालवून बघू का?”

“बगा की. सोडून यिऊ नका म्हंजे झालं.”

मी बसलो. सीट लांब आणि खाली. पायाने गिअर टाकला, गाडी सुटली, गुरगुरली नाही, आचका नाही. बाजाराच्या मागच्या मैदानाला मी एक फेरी मारली. मग आणखी एक. डावा हात मी मांडीवर ठेवला होता. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा खाली. वारा तोंडावर येत होता. लाज वाटायला हवी होती त्या गाडीवर, ती वाटली नाही. मला हुंदका आला, हे लिहायला हरकत नाही. बरेच महिने छातीवर काहीतरी दडपून बसलं होतं ते उठलं.

मैदानाच्या कडेला थांबून सुनंदाला फोन केला. “मिळाली.”

“स्कूटर?”

“मोटरसायकल. गिअर आहेत.”

“हाताला जमते?”

“हातच लागत नाही डावा.”

 ती म्हणाली, “मागे बसायला नीट आहे ना?” मी म्हणालो, सीट लांब आहे, आरामात बसशील. “मग गणपतीपुळ्याला जाऊ एकदा,” ती म्हणाली. गेल्या पावसाळ्यापासून ती माझ्या मागे बसली नव्हती. मी तिला बसवत नव्हतो की ती टाळत होती, याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नव्हतो.

परत आलो तेव्हा इराप्पाने माझी जुनी गाडी बघून ठेवली होती. आता सौदा, दोन गाड्यांतल्या फरकाचा. यासीनने मला बाजूला घेऊन रीत सांगितली. इथे आकडा तोंडाने काढत नाहीत. उजवा हात द्यायचा, वर टॉवेल टाकायचा, आणि खाली बोटं धरून किंमत सांगायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. पटलं तर मान हलवायची, न पटलं तर आपण त्याची बोटं धरायची. भोवती चार माणसं उभी असतात, त्यांना आकडा कळला तर पुढच्या गिऱ्हाइकाशी त्याचं बिनसतं. “बैलाला हीच रीत हुती, गाडीलाबी हीच,” यासीन म्हणाला. “आन् ध्यानात ठेव, टॉवेलखाली ठरलं ते ठरलं.” आमच्याकडे आंब्याच्या पेटीचा भाव लोक रस्त्यावरून ओरडून करतात, त्यामुळे मला ही गंमत वाटली.

इराप्पाने टॉवेल झटकला. मी उजवा हात पुढे केला. त्याने हात हातात घेतला, वर टॉवेल टाकला आणि नजर आभाळाकडे लावली, जणू पाऊसपाण्याचं बघतोय. मी वाट बघत उभा राहिलो.

“बोला की पावणं,” तो म्हणाला.

मला वाटलं, याने अजून सुरुवातच केली नाही. मी म्हणालो, “तुम्ही बोला.”

त्याने भुवया उंचावल्या. त्याच्या मनगटाची शीर हलताना मला टॉवेलाबाहेर दिसली. म्हणजे खाली तो काहीतरी धरत होता. मला एवढंच कळत होतं की टॉवेलखाली ऊब आहे. किती बोटं, कुठली बोटं, काही नाही. मी हसलो. माणूस अशा वेळी का हसतो कोण जाणे. आपली पाळी असेल असं समजून मी त्याची बोटं धरली, किती धरली देव जाणे. इराप्पा आभाळाकडून खाली माझ्याकडे बघायला लागला.

“चेष्टा करताय व्हय? आपल्याच तोट्याचं बोलताय की.”

भोवतीची माणसं बघत होती. मी मान हलवली.

“ठरलं,” इराप्पा म्हणाला आणि त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. माणसं पांगली. यासीनने माझ्या पाठीवर हात ठेवला. “कितीला तोडलास?”

“माहीत नाही.”

“म्हंजे? हात तुझाच हुता न्हवं?”

“मला कळलं नाही, यासीन.”

“मी सांगितलं की. एक बोट म्हंजे—”

“बोटंच कळली नाहीत.”

त्याने माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. डावा हात माझ्या खिशात होता. मग त्याने उजव्याकडे बघितलं. त्याने इराप्पाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि म्हणाला, “दे.” मी हात दिला. त्याने वर टॉवेल टाकला. “सांग. किती?”

मी डोळे मिटले. सगळं लक्ष त्या हाताकडे नेलं. काहीतरी लागल्यासारखं वाटत होतं, मधल्या बोटाला आणि शेजारच्या बोटाला. मी खात्रीने म्हणालो, “दोन.”

यासीनने टॉवेल उचलला. त्याचा हात माझ्या हाताला लागलेलाच नव्हता. वीतभर लांब होता.

उजव्या हातात काय असतं ते गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो आणि गाडीचा वेगही. डाव्या हातावर मी इतके महिने पहारा ठेवून होतो, आणि उजवा केव्हा निघून गेला ते मला कळलंही नव्हतं. निपाणीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे मी ब्रेक लावत होतो तो कसा लावत होतो? डोळ्यांनी, बहुधा. आणि मागे यासीन बसला होता. आणि आत्ताच मी सुनंदाला म्हणालो होतो की सीट लांब आहे.  मी गाड्यांच्या ओळीपाशी खाली मातीत बसलो.

इराप्पा जवळ आला. यासीनने त्याला हळू आवाजात सांगितलं. इराप्पाने ऐकलं, दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने बघितलं. “टॉवेलखालचा शब्द मी आजवर मोडला न्हाई,” तो म्हणाला, “पर ह्यात शब्दच झाला न्हाई. उठा अण्णा, च्या घ्या.” चहा आला. कप मी दोन्ही हातांनी धरला आणि पिऊन होईपर्यंत त्याच्यावरची नजर हलवली नाही.

मग यासीन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “चावी दे.”

मी म्हणालो, “हळू चालवतो. रस्ता रिकामा असेल.”

“चावी दे, मनोहर.” तो मला एरवी नावाने हाक मारत नाही.

मी चावी दिली.

परत

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. दुसऱ्या दिवशी मी एसटीने रत्नागिरीला आलो. घाटात खिडकीपाशी बसलो होतो, पण बाहेर बघितलं नाही. स्टँडवर सुनंदा आली होती. तिला तिथेच सांगितलं. तिने माझी पिशवी घेतली आणि रिक्षाला हात केला. गाडी उचगावला यासीनच्या दुकानामागे आहे. ती विक, असं मी त्याला अजून म्हटलेलं नाही, आणि तो विचारत नाही.

पण लिहायचं राहू नये असं एक आहे, ते गडहिंग्लजहून उचगावपर्यंतचं. इतकी वर्षं मी त्या गाडीवर काढली आणि तिच्या मागच्या सीटवर कधी बसलो नव्हतो. पाय कुठे ठेवायचे ते मला शोधावं लागलं. पुढे यासीनची पाठ, बाकी काही दिसत नाही. वळण कधी येणार ते कळत नाही, गाडी वळली की कळतं. तो गिअर टाकतो तेव्हा आपला डावा पाय उगाच हलतो. आवाज मात्र तोच, आणि तो मागून जास्त चांगला ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळ होत आली होती, पाचटाचा धूर रस्त्यावर आला होता, आणि समोरून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांची रांग लागली होती.

“मागची कडी धर,” यासीन म्हणाला. मी दोन्ही हात मागे नेऊन कडी धरली.

थोडं पुढे गेल्यावर एक खड्डा आला. गाडी उडाली. त्याने मान थोडी वळवून विचारलं, “धरलंयस न्हवं?”

मी मागे वळून माझ्या हातांकडे बघितलं.

“धरलंय,” मी म्हणालो.